शंभर म्हंजे शंभर

सुमन अक्का डोळा मारायच्या. हे वाचून कुणाचा गैरसमज होणार असेल तर तो आत्ताच होऊन जाऊ दे, कारण अक्कांना भेटलेल्या निम्म्या कोल्हापूरचा तो होऊन गेला आहे. अक्का आमच्या लॅबमध्ये रक्ताच्या टेबलावर तीस वर्षं बसल्या. त्यांचा मायक्रोस्कोप जुना, एकाच डोळ्याने बघायचा. उजवा डोळा नळीला लावायचा आणि डावा मिटायचा, असं तीस वर्षं केल्यावर डावा डोळा आपला आपणच मिटायला शिकला. मंडईत वांगं निवडताना, रिक्षाचं मीटर बघताना, माझ्या लग्नाचा अल्बम चाळताना, काहीही पारखायचं म्हटलं की अक्कांचा डावा डोळा बंद. त्यांच्या भाचीला, रूपाला, बघायला पाहुणे आले तेव्हा अक्कांनी मुलाकडे असं काही पारखून बघितलं की मुलाच्या आईने चहाचा कप खाली ठेवला. "ह्या बाई आमच्या पोराला डोळा मारत्यात काय?" ते स्थळ तिथेच मोडलं. अक्का म्हणाल्या, "जाऊ दे की. पोराचं डोळं पिवळं हायत, कावीळ तपासून घे म्हणावं."

त्या मूळच्या गडहिंग्लजच्या पलीकडच्या, कर्नाटकाच्या शिवेला टेकलेल्या गावच्या. घरातल्या नोकरीला लागलेल्या पहिल्या. लग्न केलं नाही. भावामागे रूपाला वाढवलं, शिकवलं. आमच्याकडच्या बायका बोलतात तशा त्या स्वतःबद्दल "मी जातो", "मी बघतो" असंच बोलायच्या, आणि आवाज असा की आत टेबलावरून बोलल्या तरी बाहेर बाकावरचा पेशंट दचकायचा. एकदा एक जाडजूड मिशांचे गृहस्थ आले. अक्कांच्या कोटावरचं आडनाव त्यांनी सावकाश वाचलं आणि विचारलं, "सुई टोचायला दुसरं कुणी न्हाय काय?" अक्का म्हणाल्या, "हाय की," आणि मला हाक मारली. मला त्यांची शीर सापडेना. तीन ठिकाणी टोचल्यावर गृहस्थांनीच घाम पुसत सांगितलं, "त्या बाईंनाच बोलवा." अक्कांनी एका दमात रक्त काढलं, कापूस दाबला आणि म्हणाल्या, "स्लाईडवर आडनाव दिसत न्हाय, पावणं. घरला जाऊन दूध प्या."

पावणं त्या मलाही म्हणायच्या. लॅबमध्ये मी पहिल्या दिवशी आलो तेव्हा म्हणाल्या, कारण अनोळखी माणसाला आपल्याकडे तेच म्हणतात. पुढे एकोणीस वर्षं म्हणत राहिल्या, पण फक्त मी चुकलो की. त्यामुळे तो शब्द मला फार वेळा ऐकावा लागला.

पहिल्या दिवसाची चूक सांगतो, कारण तिच्यावाचून पुढचं कळायचं नाही. रक्ताच्या स्लाईडवर शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या असतात. त्यात पॉली किती, लिम्फो किती, असं प्रत्येक जातीचं बटण दाबत जायचं. काउंटर म्हणजे बटणांची एक छोटी पेटी. शंभर भरले की तिची घंटी वाजते. आता टेबलावर साठ स्लाईडी पडलेल्या असल्या की माणसं काय करतात, तर पन्नास मोजतात आणि दुप्पट करतात. हे सगळीकडे चालतं. कॉलेजात मला हे सिनिअरने शिकवलं होतं आणि मला ते फार हुशारीचं वाटलं होतं. पहिल्याच दिवशी मी अर्ध्या वेळात वीस रिपोर्ट लिहून अक्कांसमोर ठेवले, शाबासकीच्या अपेक्षेने.

अक्कांनी कागद चाळले. डावा डोळा मिटला.

"पावणं, आज कोल्हापुरात विषम आकड्यांचा संप हाय काय?"

मला कळेना. त्यांनी बोट ठेवून दाखवलं. बासष्ट, तीस, चार, चार. अठ्ठावन्न, छत्तीस, दोन, चार. वीसच्या वीस रिपोर्टांत एक आकडा विषम नव्हता. दुप्पट केलेला आकडा समच येणार, हे माझ्या हुशार डोक्यात आलंच नव्हतं.

"आनि घंटी बी ऐकू आली न्हाय मला एकदा," त्या म्हणाल्या. "उरल्याल्या पन्नासात काय हुतं ते तुला काय ठावं? माणूस त्या पन्नासातच असंल तर? शंभर म्हंजे शंभर."

मी वीसच्या वीस परत मोजल्या. अक्का शेजारी डबा खात बसल्या आणि प्रत्येक घंटीला मान हलवत होत्या. त्यांनी स्वतः मोजलेल्या रिपोर्टच्या कोपऱ्यात त्या बारीकसं 'सु.' लिहायच्या. न मोजलेल्या कागदावर तो 'सु.' तीस वर्षांत कधी पडला नाही. आमचे डॉक्टर अकरा वाजता यायचे, कोपऱ्यात 'सु.' दिसला की न बघता सही करायचे.

अक्कांची आणखी एक पद्धत होती. स्लाईड रंगवायच्या रंगाची नवी बाटली फोडली की तो रंग आधी तपासावा लागतो, आणि त्यासाठी पहिलं बोट अक्कांचं. दुसऱ्या कुणाला टोचू द्यायच्या नाहीत. "माझं रगत मला पाठ हाय," म्हणायच्या. "फरक पडला तर तो रंगाचाच."

सहा वर्षांपूर्वी अशीच नवी बाटली आली. अक्कांनी बोट टोचलं, स्लाईड केली, नळीला डोळा लावला आणि बराच वेळ उठल्या नाहीत. मग म्हणाल्या, "रंग खराब हाय." दुसरी स्लाईड केली. तीही तशीच. मग माझं बोट टोचलं. माझी स्लाईड नितळ आली, जशी यायला हवी तशी. रंगात खोट नव्हती.

त्यांनी आपली स्लाईड परत लावली आणि मोजायला बसल्या. टक, टक, टक, एकाच बटणाचा आवाज. घंटी वाजली. "पावणं, हे बघ जरा," त्या म्हणाल्या. मी काही चुकलो नव्हतो, तरी पावणं म्हणाल्या. मी बघितलं. सगळीकडे लिम्फो आणि त्यांच्यामध्ये फुटलेल्या, चिरडलेल्या पेशी. या फुटलेल्या पेशींना अक्का भरडा म्हणत. जात्यातून काढल्यासारखा दिसतो, म्हणून. दुसऱ्याच्या स्लाईडवर भरडा दिसला की त्या रिपोर्ट देताना त्या माणसाला आत बोलवून खुर्चीवर बसवायच्या. त्या दिवशी मला खुर्ची पुढे करावी एवढंही सुचलं नाही. अक्कांनी रजिस्टरमध्ये आपलं नाव लिहिलं, आकडे लिहिले, कोपऱ्यात 'सु.' केला आणि डबा उघडला.

ब्लड कॅन्सरच, पण हळू चालीचा. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, आत्ता औषध नको, नुसतं लक्ष ठेवू. कैक माणसं याच्याबरोबर म्हातारी होतात. अक्कांनी हे फारच मनावर घेतलं. दर तीन महिन्यांनी स्वतःची स्लाईड स्वतः मोजायच्या आणि भाडेकरूबद्दल बोलावं तसं सांगायच्या, "हाय, हाय. गप बसून हाय." चार वर्षं तो खरोखरच गप बसून होता.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला लाज वाटते. अक्कांचा डावा डोळा संध्याकाळी मिटायला लागला. सकाळी ठीक असायचा. चार वाजले की पापणी खाली. आणि आम्ही काय केलं? हसलो. "अक्का, आता कुणाची स्लाईड बघताय?" मी स्वतः हे विचारलं, एकदा नाही, दहादा. आयुष्यभर डावा डोळा मिटणाऱ्या बाईचा डावा डोळा मिटलाय, यात कुणाला काय वाटणार? त्यांना एकाच्या दोन वस्तू दिसायला लागल्या होत्या, तेही कामात कळलं नाही, कारण त्यांचा मायक्रोस्कोप एका डोळ्याचा. एक डोळा मिटला की दोनाचं परत एक होतं. दोन डोळ्यांचा नवा मायक्रोस्कोप शेजारी झाकून पडला होता. तो वापरत असत्या तर पहिल्या आठवड्यातच ओरडल्या असत्या. रोज आठ तास मी त्यांच्यासमोर बसत होतो. लोकांच्या रक्तातला एकेक दाणा शोधणारा मी, मला समोरच्या माणसाची पापणी दिसली नाही. पाच महिने.

मग माझ्या मुलाच्या वाढदिवसाला मटण होतं. अक्का रस्सा ओरपण्यात कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. त्या दिवशी चार घास चावले आणि थांबल्या. परत दोन घास, परत थांबल्या. मग मी बघितलं की त्या डाव्या हाताने हनुवटी वर ढकलून तोंड मिटतायत. जबडा आपला आपण वर येत नव्हता. माझ्या बायकोला वाटलं मटण वातड राहिलं, ती बिचारी ओशाळली. अक्का म्हणाल्या, "मटान झ्याक हाय गं. चावणाराच दमलाय." तेव्हा त्यांचा आवाज नाकातून आला. प चा म होत होता, द चा न. 'दमलाय' चं 'नमलाय' झालं आणि मुलं हसली. मी नाही हसलो.

नसांच्या डॉक्टरांनी गंमतच केली. रबरी हातमोज्यात बर्फ भरून अक्कांच्या पापणीवर दोन मिनिटं धरला आणि काढला. पडलेली पापणी वर! अक्का हरखल्या. "बर्फानं उघडला की! एवढंच व्हय?" डॉक्टर कागदावर लिहायला लागले होते. बर्फाने पापणी उघडली, हीच स्नायू दमवणाऱ्या एका दुसऱ्याच आजाराची खूण होती. रक्तात बिघडलेल्या पेशींच्या राज्यात शरीराचे राखणदारच फिरले होते. नसेकडून आलेला निरोप ते स्नायूपर्यंत पोचू देत नव्हते. अक्कांनी मला हे त्यांच्या भाषेत समजावलं: "पोस्टमन रोज गावात येतोय रे. दारंच कड्या घालून बसल्यात." विश्रांती घेतली की थोडी दारं उघडायची, वापरलं की परत बंद. बोललं की आवाज संपायचा, चावलं की जबडा, चाललं की पाय. आणि हसू तर विचित्रच झालं होतं. ओठ वर जायचे पण कोपरे यायचे नाहीत, त्यामुळे अक्का हसल्या की रागावल्यासारख्या दिसायच्या. नवे पेशंट घाबरायचे.

पुढच्या दीड वर्षात एक गोष्ट मला नीट कळली. एक रोग असला तर माणूस त्याच्याशी लढतो. दोन असले की ते माणसाला मध्ये धरतात. गोळ्यांनी चार-चार तास बरं वाटायचं. स्टेरॉईडने पापणी उघडायची, पण आधीच दुबळी असलेली प्रतिकारशक्ती आणखी खाली जायची आणि ताप यायचा. ताप आला की या आजारात बरीचशी अँटिबायोटिक चालत नाहीत, श्वासच अडकतो. न चालणाऱ्या औषधांची यादी अक्कांनी आपल्या गोल अक्षरात लिहून पर्समध्ये ठेवली होती. आणि प्रत्येक तापानंतर पापणी आधीपेक्षा खाली. दोनदा महागाचं औषध शिरेतून चढवलं, महिनाभर बरं गेलं. मी डब्यात मऊ भात घेऊन जायचो, रिपोर्ट आणायचो, डॉक्टरांना प्रश्न विचारायचो. कशाचाही काडीचा उपयोग नव्हता, पण काहीतरी करत राहावं लागतं.

नसांचे डॉक्टर दर भेटीला अक्कांना एका श्वासात आकडे मोजायला लावत. एक, दोन, तीन... श्वास न घेता जिथवर जाल तिथवर. छातीचे स्नायू किती शिल्लक आहेत ते त्यावरून कळतं. मी घरी करून बघितलं, माझे चव्वेचाळीस झाले. अक्का पहिल्यांदा अडतीसवर थांबल्या. मग एकोणतीस. मग बावीस. रूपा कॅलेंडरवर लिहून ठेवायची. "शंभर मोजनारी बाई," अक्का म्हणाल्या, "बाविसात आली बघ."

शेवटी रक्ताच्या मोठ्या डॉक्टरांनी एक इंजेक्शन सुचवलं. ते दोन्ही रोगांवर चालणारं होतं, आणि आता दुसरं काही उरलं नव्हतं. पण त्याने प्रतिकारशक्ती आणखी खाली जाणार. अक्कांना खोकला होता, आणि जंतूंशी लढणाऱ्या पॉली पेशी रक्तात जेमतेम. डॉक्टर म्हणाले, "शंभरात निदान दोन पॉली तरी दिसू देत, मग सोमवारी देऊ. त्याच्याखाली असतील तर मी देणार नाही, निमोनिया त्यांना नेईल. मशीन एवढ्या भरड्यात चुकतं, स्लाईड हातानेच मोजा." भरडा हा शब्द त्यांनी अक्कांकडूनच उचलला होता.

नंतर जे झालं ते मी पाहिलेलं नाही. बुधवारी त्यांना व्हेंटिलेटरवर घेतलं, आत कुणाला सोडत नव्हते, शुक्रवारी संपलं. मी पाहिलेल्या शेवटच्या अक्का त्याच्या आधीच्या शनिवारच्या.

सकाळी नऊला रूपा त्यांना रिक्षाने घेऊन आली. सकाळची वेळ अक्कांनीच निवडली होती, सकाळी थोडी ताकद असते म्हणून. त्या दिवशी एका श्वासात अकरा झाले होते. मी म्हटलं, "अक्का, मी मोजतो, तुम्ही बसा." त्यांनी नुसता हात हलवला. माझ्याकडून बोट टोचून घेतलं, पण काचेवर थेंब ओढून दोन स्लाईडी स्वतःच केल्या. रंगवून, वाळवून मी त्यातली एक जुन्या मायक्रोस्कोपला लावली. आता उजवी पापणीही पडत होती. मी सॅम्पलच्या डब्यातला बर्फ रुमालात गुंडाळून त्यांच्या डोळ्यावर धरला, दोन मिनिटं. डोळा उघडला. त्या नळीवर वाकल्या. बटणं दाबायला बोटांत जोर नव्हता, म्हणून त्या सांगणार आणि मी दाबणार, असं ठरलं.

"लिम्फो. लिम्फो. लिम्फो. लिम्फो."

विसाच्या पुढे लिम्फोचा निम्मो झाला. मध्ये एकदा त्या थांबल्या, स्लाईड जरा पुढे-मागे केली आणि जमेल तितक्या स्पष्ट म्हणाल्या, "मॉली." मी पॉलीचं बटण दाबलं. रूपाने माझ्याकडे बघितलं. मग परत निम्मो, निम्मो. मग नुसता हुंकार. पापणी खाली आली, ती त्यांनी बोटाने वर धरली. मग ते बोटही खाली आलं.

"किती?"

"पन्नास झाले, अक्का."

"मॉली?"

"एक."

त्या नळीपासून मागे झाल्या. श्वास गोळा केला. डोळे मिटलेलेच होते.

"नुप्पट कर," अक्का म्हणाल्या.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. रूपाला तर त्यात काही वावगं वाटलंच नाही. तिने त्यांना धरून बाहेर बाकावर नेलं. मी "व्हय" म्हणालो. एकाचे दोन. दोन म्हणजे सोमवार. काउंटरवर एक दिसत होता आणि कुणीही मला काही विचारणार नव्हतं. एकोणीस वर्षांत मला कुठलाही आकडा लिहावासा वाटला नसेल इतका तो दोन लिहावासा वाटत होता. आणि तो लिहिला तर मी अक्कांना वाचवतोय की मारतोय, हे मला तेव्हा कळत नव्हतं, आजही कळत नाही. पण उरलेल्या पन्नासात असेल की एखादी, असं म्हणून मी नळीला डोळा लावला.

टक, टक, टक. एकच बटण. मी प्रत्येक पेशीवर थांबत होतो, उगाच. एकही पॉली नाही. शंभर भरले आणि घंटी वाजली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की दुप्पट केलं असतं तर घंटी वाजली नसती. काचेतून बाहेर बघितलं. अक्कांचं डोकं भिंतीला टेकलेलं होतं. घंटीला त्यांनी मान हलवली, डबा खाताना हलवायच्या तशी.

मी दुसरी स्लाईड लावली. तिचेही शंभर मोजले. त्यातही एकच. परत घंटी.

कागदावर एक लिहून मी बाहेर गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. अक्कांनी कागद मागितला, उजवी पापणी बोटाने उचलली, आकडा बघितला आणि दुसरा हात पुढे केला. मी पेन दिलं. रूपाने कागदाखाली पर्स धरली. कोपऱ्यात त्यांनी 'सु' काढला, फार वेळ लागला, उकार खाली घसरत गेला. पेन परत देणार तोच थांबल्या आणि टिंब दिलं.

रिक्षापर्यंत मी त्यांना जवळजवळ उचलूनच नेलं. बसल्यावर त्यांनी हनुवटीखाली हात लावला, तोंड मिटून घेतलं, मग माझ्याकडे मान वळवली.

"विषम हाय, मावणं," त्या म्हणाल्या, आणि ओठ वर गेले. त्या हसल्या की रागावल्या, मला कळलं नाही.